ज्या हसण्याला अर्थ नव्हता

पाक सुगितोंच्या हसण्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती डाव्या पायाची आणि जिभेची. पाय अजून किंचित ओढला जात होता आणि जीभ मधूनच जड पडत होती. परंतु अर्धांगाच्या झटक्यातून चार महिन्यांत इतपत सावरलेल्या माणसाकडून याहून अधिक अपेक्षा ठेवणे शास्त्राला धरून झाले नसते. डॉ. विगातींनी तसे त्यांच्या पत्नीला, बू मार्सिनींना, स्पष्ट सांगितले. (तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला 'पाक' म्हणतात आणि बाईला 'बू'.) सोलो शहरातल्या त्या रुग्णालयात मेंदूविकारांचा विभाग विगातींकडे होता, आणि रुग्णाला खरे तेच सांगायचे, तेही एकदाच आणि नेमके, अशी या बाईंची ख्याती होती. सोलोत ही ख्याती फारशी कौतुकाची समजली जात नसे.

तपासणी संपली. परिचारिकेला खोलीच्या पलीकडच्या टोकाला जायचे होते. वडीलधाऱ्या माणसासमोरून जाताना जसे जायचे तशीच ती पाक सुगितोंच्या समोरून गेली: कमरेत वाकून, उजवा हात पुढे खाली धरून. त्याच क्षणी पाक सुगितो हसू लागले.

ते स्मित नव्हते. पोटातून उसळून आलेले, खांदे गदगदा हलवणारे, श्वास तोडणारे हसू होते. परिचारिका जागीच थबकली. बू मार्सिनी आपल्या पायांकडे पाहू लागल्या. मुलगी नावांग खिडकीबाहेर पाहू लागली. बऱ्याच वेळाने ते हसू, जणू कोणी नळ बंद करावा तसे, एकदम थांबले.

"माफी असावी," पाक सुगितो म्हणाले आणि त्यांनी रुमालाने तोंड पुसले.

"काय आठवलं?" विगातींनी विचारले.

"काही नाही."

"मग हसलात कशाला?"

असा प्रश्न सोलोत कोणी विचारत नाही. हसण्याचे कारण विचारायचे नसते, ओळखायचे असते. माणूस ओशाळला तर हसतो, पेचात सापडला तर हसतो, घरातल्या मृत्यूची बातमी देताना ऐकणाऱ्याला जड जाऊ नये म्हणून हसतो, आणि 'नाही' म्हणायचे असेल तेव्हा तर हमखास हसतो. विगातींचा जन्म याच शहरातला. हे सारे त्यांना ठाऊक होते आणि तरीही त्यांनी विचारले.

"तुम्ही मनावर घेऊ नका, डॉक्टर," बू मार्सिनी घाईघाईने म्हणाल्या. "हे पहिल्यापासून गमतीदार. दलांग माणूस. जन्मभर लोकांना हसवायचंच काम केलंय."

पाक सुगितो दलांग होते, म्हणजे छायाबाहुल्यांचा खेळ करणारे. पडद्याआड मांडी घालून बसायचे, आणि अर्जुनापासून विदूषकापर्यंत साऱ्यांना हलवायचे, बोलवायचे, रडवायचे. पन्नास बाहुल्यांची पन्नास हसणी त्यांच्या गळ्यात होती, आणि एकाचे हसू दुसऱ्याच्या तोंडी गेले असे त्यांच्या हातून कधी घडले नव्हते. त्यामुळे त्यांचे आत्ताचे हसणे कोणत्या बाहुलीचे, असा प्रश्न विगातींना पडायला हरकत नव्हती. त्यांनी तो बाजूला ठेवला. त्यांना उपमा आवडत नसत.

"सिस्टर, पुन्हा एकदा तशाच जा बरं यांच्यापुढून."

परिचारिका वाकून गेली. पाक सुगितो हसले. मग विगाती नुसत्याच ताठ उभ्याने त्यांच्यासमोरून गेल्या. काही झाले नाही. त्यांनी एक बऱ्यापैकी विनोद सांगितला. पाक सुगितोंनी सभ्यपणे ओठ हलवले. मग त्या स्वतः वाकल्या. हसू पुन्हा उसळले.

"आता ऐका," हसणे चालू असतानाच त्या म्हणाल्या. "बोलू नका, बोलता येणार नाही. बोटांनी सांगा. मूठ म्हणजे काहीच नाही, पाच बोटं म्हणजे भरपूर. मजा वाटतेय?"

खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होते. हात वर आला. मूठ.

"वाईट वाटतंय?"

दोन बोटे.

"लाज?"

पाचही बोटे ताणून उघडली, आणि हसू थांबल्यावरही काही वेळ तशीच राहिली.

बू मार्सिनींनी तोंडावर हात ठेवला. "मला वाटायचं, तुम्हाला मजा वाटतेय."

"मलाही वाटायचं की तुला तसंच वाटत असणार," पाक सुगितो हळू म्हणाले.

विगातींनी त्यांच्या मेंदूचे चित्र पडद्यावर लावले. मेंदूच्या खोडात, सेतू नावाच्या भागात, तांदळाच्या दाण्याएवढा डाग होता. पायाचे आणि जिभेचे कारण म्हणून तो त्यांना आधीपासून माहीत होता. त्याच्याकडे आणखी एका गोष्टीचा हिशेब मागायचे राहून गेले होते, आणि ती चूक त्यांची होती. "हसण्याची यंत्रणा इथं खाली तयारच असते," त्या म्हणाल्या. "तान्ह्या पोरातसुद्धा. वरचा मेंदू तिला आवरून धरतो आणि प्रसंग पाहून मोकळी सोडतो. तुमची ती आवरणारी वाट तुटलीय. खाली जे चाललंय त्याची वरून परवानगी नाही, आणि वर जे वाटतंय त्याचा खाली पत्ता नाही. समोर कोणी वाकलं की एवढं निमित्त पुरतं."

"म्हणजे बाहुली नाचतेय आणि दलांग झोपलाय."

"दलांग जागा आहे. काठी हातातून निसटलीय," विगाती म्हणाल्या, आणि आपण उपमा दिली हे ध्यानात येऊन किंचित त्रासल्या.

पाक सुगितोंनी पडद्यावरच्या डागाकडे पाहिले. "जन्मभर दुसऱ्यांचं हसू मी काढलं. माझं कोण काढतंय, तेच उमगत नव्हतं."

"कोणीतरी काढतंय, अशी शंका मलाही मधूनमधून यायचीच!" बू मार्सिनी म्हणाल्या. "म्हणून तर एका मांत्रिक म्हातारबांना बोलावून फुलांचं पाणी शिंपडून घेतलं."

"शिंपडताना ते वाकले होते?"

"वाकणारच की."

"आणि हे हसले?"

"खूप! म्हातारबा घाबरून निघूनच गेले."

"मग तो प्रयोग माझ्या बाजूने झाला," विगाती म्हणाल्या आणि औषध लिहू लागल्या. औषध नैराश्यावरचे होते, पण नैराश्याला लागते त्याहून कमी मात्रेत; ते का लागू पडते याबद्दल त्यांच्याजवळ तीन स्पष्टीकरणे होती आणि तिन्हींवर त्यांचा अर्धवटच विश्वास होता. लागू पडते यावर मात्र पूर्ण होता. "हसू पूर्ण जाईल असं म्हणत नाही. बरंच कमी होईल, हे नक्की."

नावांग एकाएकी म्हणाली, "आई, त्यांना गालिहच्या घरच्यांचं सांग."

"ते कशाला आता?"

"सांग ना! नाहीतर मी सांगते."

तिनेच सांगितले. गालिह आणि ती तीन वर्षे एकमेकांना ओळखत होती. झटक्यानंतर महिन्याभराने, पाक सुगितो घरी आल्यावर, गालिहचे वडील पाक हार्दी क्लातेनजवळच्या आपल्या गावाहून मागणी घालायला आले. निवृत्त मुख्याध्यापक, मोजके बोलणारा माणूस. सोबत चार वडीलधारे, चिकट भाताच्या वड्या, केळ्यांचे घड. सगळे रीतसर. पाक हार्दींनी दोन्ही हात जोडले, कमरेत खोल वाकले आणि म्हणाले, "आमच्या मुलासाठी तुमच्या बागेतलं फूल मागायला आलोय." आणि पाक सुगितो हसू लागले. हसतच राहिले.

"मग?"

"मग तेही थोडे हसले. चहा प्याले. भाताच्या पिकाचं बोलले. आणि गेले."

"रागावले?"

"रागावले असते तर बरं झालं असतं हो," बू मार्सिनी म्हणाल्या. "भांडता तरी आलं असतं."

विगातींना पुढचे सांगावे लागले नाही. मागणी ऐकून तोंडाने काही न बोलता नुसते हसणे, याचा अर्थ त्या मुलखात एकच होतो, आणि तो अर्थ समजून न दुखावता उठून जाणे हे चांगल्या माणसाचे लक्षण मानले जाते. पाक हार्दी फार चांगले माणूस होते. त्यांनी मुलाला सांगितले होते की घरंदाज माणसे आहेत, आपल्या मनाला लागणार नाही अशा रीतीने त्यांनी नकार दिला, आता त्यांना पुन्हा पेचात टाकू नकोस. गालिहचे फोन विरळ होत गेले होते. आता बोयोलालीच्या एका शिक्षिकेचे स्थळ त्याच्यासाठी पाहिले जात होते.

"तुम्ही सांगितलं का नाही, की तो नकार नव्हता?"

"कसं सांगणार?" बू मार्सिनी म्हणाल्या. "'तुमची समजण्यात चूक झाली' म्हणून? मुख्याध्यापकांना?"

"आजारी होते म्हणून सांगायचं."

नावांग कडवट हसली. हे हसणे तिचे स्वतःचे होते. "डॉक्टर, या गावात ज्याला कुठं जायचं नसतं, तो आजारीच असतो. तुमच्याकडे कोणी लग्नाचं बोलावणं नाकारलं तर काय कारण देतो?"

गेल्याच आठवड्यात एका बारशाला विगाती स्वतः आजारी होत्या.

"तुम्ही जाल का?" पाक सुगितोंनी विचारले. "माझ्या डोक्यातलं चित्र त्यांना दाखवा. माझी परवानगी आहे. माझं हसणं माझं नाही, एवढंच सांगा."

हे काम डॉक्टरचे नव्हते, असे त्यांच्या सहकाऱ्यांचे मत पडले. विगातींचे मत वेगळे होते. रोगाने पाय अडवला तर आपण काठी देतो. इथे रोगाने एका मुलीचे लग्न अडवले होते. रविवारी त्या क्लातेनला गेल्या.

पाक हार्दींनी त्यांना ओसरीवर बसवले. त्यांची वृद्ध आई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. तिच्या खोकल्याचा आवाज मधूनमधून येत होता. विगातींनी मेंदूचे चित्र उजेडात धरले, डाग दाखवला, वाकण्याचा आणि हसण्याचा संबंध सांगितला, बोटांचा प्रयोग सांगितला. पाक हार्दी लक्षपूर्वक ऐकत होते.

"हो, हो," ते म्हणाले. "किती सूक्ष्म गोष्ट आहे."

"म्हणजे तो नकार नव्हता, पाक."

"हो, हो. अगदी बरोबर."

"तुम्ही पुन्हा विचारलंत तर ते होकार देतील."

"हो ना." पाक हार्दी मंद हसले. "चहा घ्या. निवेल. पाक सुगितो फार मोठ्या मनाचे. आम्हाला बरं वाटावं म्हणून इतका त्रास घेतला, खास डॉक्टरांना पाठवलं. त्यांना सांगा, आमच्या मनात काही नाही. अगदी काही नाही."

विगाती चहा प्याल्या. परतीच्या वाटेवर गाडी चालवताना त्यांनी झालेल्या गोष्टीचे नेमके मूल्यमापन केले. दाखवलेले चित्र खरे होते, तर्क निर्दोष होता, आणि ऐकणाऱ्याने प्रत्येक शब्द समजून घेऊन त्यातल्या एकावरही विश्वास ठेवला नव्हता. पहिला नकार हसून मिळाला होता. दुसरा, अधिक घरंदाज, डॉक्टरच्या हस्ते पोहोचला होता. त्या माणसाची चूक म्हणावी तर तीही नव्हती. हाताशी असलेल्या पुराव्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष त्या मुलखात शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा बरोबर ठरला असता.

औषध मात्र मानले. दोन आठवड्यांत हसण्याचे झटके दिवसाला दहा-बारावरून दोन-तीनवर आले. विगातींनी पाक सुगितोंच्या तळहाताला आणि छातीला यंत्रे लावूनही पाहिले. घाम आणि नाडी दोन्ही हसण्याबरोबर चढत आणि हसण्याबरोबर उतरत. विगातींच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरला हा मोठा शोध वाटला. "यात काही नाही," विगाती म्हणाल्या. "तुम्ही जिने चढलात तरी हेच होईल. यंत्राला ते हसतायत हे कळलं. का हसतायत, ते त्यांना विचारा."

आणि तेवढ्यात पाक हार्दींची आई वारली.

सकाळी नावांगचा फोन आला. दुपारी दफन होते. घरात मोठा वाद चालला होता, आणि विगाती पोहोचल्या तेव्हाही तो थांबला नव्हता. पाक सुगितो काळी टोपी घालून, काठी हातात घेऊन दारात उभे होते.

"मी जाणार," ते म्हणाले.

"बाबा, मी आणि आई जाऊन येतो. तुम्हाला बरं नाही म्हणून सांगतो."

"तेच तर नाही सांगायचं! ते ऐकून ऐकून त्यांचे कान किटलेत."

"अहो, तिथं शंभर माणसं वाकतील तुमच्यापुढं," बू मार्सिनी म्हणाल्या. "काय कराल? मयताच्या घरात खदाखदा हसाल?"

"हसलात तर संपलं सगळं," नावांग म्हणाली.

"संपलेलंच आहे, पोरी. आणखी काय संपायचं राहिलंय?"

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिले. विगातींना उत्तर सुचायला वेळ लागला नाही. त्यांचा वेळ गेला तो ते उत्तर आपल्याला सोयीचे आहे म्हणून तर खरे वाटत नाही ना, हे तपासण्यात. "जा," त्या शेवटी म्हणाल्या. "दुखवट्याला न जाणं हा त्यांना आणखी एक नकार होईल, आणि त्याचा दोष मेंदूवर टाकता येणार नाही. सकाळची गोळी घेतलीये. मागच्या रांगेत बसा. हसू येतंय असं वाटलं की जबडा सैल सोडा, श्वास हळूहळू बाहेर टाका, नजर जमिनीवर ठेवा. बहुतेक निभेल."

"आणि नाही निभलं तर?" बू मार्सिनींनी विचारले.

"तर वाईट दिसेल. फार वाईट. पण बू, मागणीच्या वेळच्या हसण्याला एक अर्थ तरी लावता येत होता. मयतातल्या हसण्याला काय अर्थ लावतील?"

"म्हणजे त्या बिचारीच्या दफनात प्रयोग करायचा?"

"नाही. हसू येऊच नये म्हणून मी गोळ्या दिल्यात. आलं तर घाबरून जाऊ नका, एवढंच म्हणते."

"तुम्हीही चला," पाक सुगितो म्हणाले. विगाती गेल्या.

गल्लीच्या तोंडाशी मयताचे निशाण लावलेले होते. अंगणात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचे झाकणबंद छोटे पेले. घरचे लोक दाराशी रांगेत उभे राहून येणाऱ्यांचे हात हातात घेत होते. पाक हार्दी सर्वांत पुढे होते, आणि रिवाजाप्रमाणे हसतमुख होते. पाक सुगितोंना पाहताच ते हात जोडून वाकले. विगातींनी पाहिले: पाक सुगितोंचा जबडा सैल सुटला, श्वास लांब बाहेर पडला, नजर उंबरठ्यावर खिळली.

"आई गेल्या," ते म्हणाले. शब्द जड पण स्पष्ट होते. "आम्हा सगळ्यांच्याच गेल्या."

"तुम्ही इतक्या लांबून आलात," पाक हार्दी म्हणाले. "तब्येतीला त्रास नाही ना?"

"नाही."

आणि ते पुढे सरकले. पाठोपाठ नावांग गेली; गालिहने तिच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. मागच्या रांगेत बसल्यावर बू मार्सिनींनी सुटकेचा निःश्वास टाकला. विगातींनाही डॉक्टर म्हणून समाधान वाटले. आणखी एक भावना होती, तिला त्यांनी प्रामाणिकपणे निराशा असे नाव दिले. औषधाने काम चोख केले होते, आणि त्यामुळे काहीच बदलले नव्हते. दोन घरंदाज माणसे एकमेकांशी अत्यंत सौजन्याने वागली होती.

प्रार्थना झाली. तिरडी उचलून चौघांनी खांद्याच्या वर धरली, आणि मग ती रीत सुरू झाली जिचा विचार विगातींच्या मनात आलाच नव्हता. निघण्यापूर्वी मुले-नातवंडे उचललेल्या तिरडीखालून एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघतात, तीनदा. गेलेल्याचे चांगले ते आपल्यात यावे म्हणून. आणि तिरडी कितीही उंच धरली तरी तिच्याखालून कोणी ताठ मानेने जात नाही.

पाक हार्दी कमरेत वाकून आत शिरले. त्यांच्यामागे भाऊ वाकला, बहिणी वाकल्या, गालिह वाकला, लहान पोरे वाकली. वाकलेल्या माणसांची एक लांब रांग मांडवातून सरकू लागली. पहिली फेरी झाली. पाक सुगितोंनी डोळे मिटून घेतले होते, पण डोळे मिटून पावलांचे ते एकसारखे घासणे थोडेच थांबते? दुसऱ्या फेरीच्या मध्यावर त्यांनी डोळे उघडले.

हसू मांडवाच्या कनातीपर्यंत गेले. तिरडी धरणाऱ्यांचे हात हलले. कोणाच्या तरी हातातला पाण्याचा पेला खाली पडला. पाक सुगितो उभे राहण्याच्या धडपडीत होते, बाहेर जाण्याच्या, आणि डावा पाय त्यांना साथ देत नव्हता. बू मार्सिनी त्यांचा हात धरून रडत होत्या.

"बाहेर काढा त्याला!" मांडवातून एक आवाज आला. "लाज नाही का? कोण आहे हा माणूस?"

पाक हार्दी तिरडीखालून बाहेर पडले. वाकलेले तसेच क्षणभर राहिले, मग सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावरचे सकाळपासूनचे स्मित आता नव्हते. ते पाक सुगितोंकडे पाहत राहिले. रागावलेला माणूस असा पाहत नाही. फळ्यावरचे गणित इतके दिवस चुकीच्या रीतीने सोडवत होतो हे ध्यानात आलेला माणूस पाहतो. आईच्या तिरडीपुढे हसून कोणाला नकार द्यायचा असतो? कोणाला न दुखावण्यासाठी हसायचे असते? इथे त्या हसण्याला बसेल असा एकही अर्थ त्यांच्या मुलखाने तयार ठेवलेला नव्हता.

ते सरळ चालत आले. त्यांनी पाक सुगितोंना दंडाला धरले आणि खुर्चीवर बसवले.

"आजारी आहेत ते," मांडवाकडे वळून ते म्हणाले. मग बहुधा या वाक्याची किंमत त्यांना ठाऊक असल्यामुळे, आवाज चढवून पुन्हा म्हणाले, "खरंच आजारी आहेत. सांगायला डॉक्टर आल्या होत्या. मीच ऐकलं नाही." आणि विगातींना विचारले, "किती वेळ चालतं हे?"

"थोडा वेळ. आपोआप थांबेल. कोणी वाकलं नाही तर लवकर."

"कोणी वाकू नका रे यांच्यापुढं," पाक हार्दींनी सांगितले, आणि जाऊन तिसरी फेरी पुरी केली.

दफन आटोपून पुरुष परतले तेव्हा मांडव अर्धा रिकामा झाला होता. पाक सुगितो त्याच खुर्चीवर बसून होते. जाऊ या म्हणून बू मार्सिनींनी दोनदा सुचवले होते; माफी मागितल्याशिवाय हलणार नाही, असे उत्तर मिळाले होते. नावांग आणि विगाती बाजूला उभ्या होत्या. पाक हार्दी हातपाय धुऊन आले.

"आईची माफी मागतो," पाक सुगितो म्हणाले. "तुमचीही."

"आई तुमचे खेळ बघायला पहाटेपर्यंत जागायची. विदूषक आला की तुमच्याइतक्याच मोठ्यानं हसायची." पाक हार्दी थांबले. पुढचे वाक्य त्यांनी आयुष्यात कधी उच्चारले नसावे. ते जुळवायला त्यांना वेळ लागला. "त्या दिवशी मी विचारलं होतं. तुम्ही काय सांगणार होतात?"

"तुम्ही वाकलात. माझं वाक्य तोंडात होतं."

"आता सांगा. सरळ सांगा. होय की नाही. हसण्यावरून ओळखायचं मी सोडलंय."

"इथं? आज?"

"आज. उद्या मी पुन्हा सभ्य होईन."

गालिह दाराशी येऊन उभा राहिला होता. पाक सुगितोंनी काठीवर भार देऊन पाठ ताठ केली, आणि जड जिभेने, एकेक शब्द वेगळा करून, ते म्हणाले, "माझी एकच मुलगी आहे. ती तुमच्या घरी सुखात राहील हे मला माहीत आहे. होय."

शेवटच्या शब्दाबरोबर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ओठ थरथरले, खांदे हलले. पाक हार्दींनी चटकन विगातींकडे पाहिले.

विगातींना हे दुखणे रडूही आणते हे माहीत होते, आणि बाहेरून दोन्ही रडणी सारखीच दिसतात हेही. "मला नका विचारू," त्या म्हणाल्या. "मलाही दिसत नाही. त्यांना विचारा."

पाक हार्दी अवघडले. नावांगकडे, मग आपल्या मुलाकडे पाहिले. मग त्यांनी विचारले, "पाक, हे तुमचं की दुखण्याचं?"

"माझं," पाक सुगितो म्हणाले. बोलता येत होते त्यांना. "हे माझंच आहे."

"मग असू दे," पाक हार्दी म्हणाले, आणि आतल्या बाजूला वळून हाक मारली, "अगं, चहा टाक! पाहुणे थांबतायत. शंभर दिवसांचा विधी झाला की तारखेचं बोलायचंय, त्यांना लग्नाला कोणते महिने चालतात ते आत्ताच विचारून ठेवू." एक खुर्ची ओढून, न वाकता, ते त्यांच्या शेजारी बसले.